मॅकडॉवेल काउंटीचा जमाखर्च

नगरपालिकेने स्वतः बांधलेलं अमेरिकेतलं पहिलं बहुमजली पार्किंग कुठलं, असं विचारलं तर आपण न्यूयॉर्क म्हणू, शिकागो म्हणू. ज्या इमारतीला हा मान दिला जातो ती १९४१ साली वेल्च नावाच्या गावात उभी राहिली. वेल्च हे वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, दोन डोंगरांच्या फटीत कोंबलेलं गाव. पगाराच्या शनिवारी तिथे इतकी झुंबड उडायची की फुटपाथवर माणूस मावायचा नाही, लोक रस्त्यावर उतरून चालायचे. सपाट जागा तर मुठीएवढी. मग गाड्या लावायच्या कुठे? एकावर एक.

२०२० च्या जनगणनेत वेल्चची लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास भरली. आता गाडी कुठेही लावा.

वेल्च हे मॅकडॉवेल काउंटीचं मुख्य ठिकाण. अमेरिकेतल्या गरिबीवर कुणी लिहायला बसलं की या काउंटीचं नाव हटकून येतं, आणि बहुतेक वेळा ठरलेल्या चार वाक्यांत उरकलं जातं: खाणी बंद पडल्या, लोक गेले, व्यसन आलं, वाईट झालं. सगळं खरं आहे. पण काउंटी ही एक वही आहे असं समजून जमा काय, नावे काय असं पान-पान उलटलं, तर तिथे काय घडलं ते जास्त नीट कळतं. असे आकडे वाचायची सवय झाली की इतर काउंट्यांचे आकडेही तसेच वाचता येतात.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू, कारण तिला ‘जिल्हा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र येतं. महाराष्ट्रातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्ग, आणि तिथेही २०११ साली साडेआठ लाख माणसं होती. मॅकडॉवेलमध्ये २०२० साली होती १९,१११. क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा ऐसपैस तालुका. तिथे कलेक्टर नसतो, वरून बदली होऊन येणारा कुणी साहेबही नसतो. कारभार पाहायला तीन निवडून आलेले कमिशनर, शेरीफ निवडून आलेला, मालमत्तेची किंमत ठरवणारा असेसरही निवडून आलेला. शाळांचं बोर्ड वेगळं, तेही काउंटीचंच. या सगळ्याच्या खर्चाचा मोठा भाग काउंटीतल्या घर-जमिनीवरच्या करातून निघतो. काउंटीतल्या मालमत्तेची किंमत पडली की शाळेला काउंटीतून मिळणारा पैसाही पडतो.

आता लोकसंख्या. १९०० साली इथे १८,७४७ लोक होते, १९५० साली ९८,८८७ आणि २०२० साली १९,१११. एकशेवीस वर्षांनी आकडा जिथून निघाला तिथेच येऊन बसला. पण १९०० सालचे अठरा हजार आणि २०२० सालचे एकोणीस हजार यांत फार फरक आहे. तेव्हा तरुण येत होते, आज तरुण निघून जातात आणि मागे म्हातारे उरतात. त्यात आणखी एक मेख आहे. २०२० च्या एकोणीस हजारांत हजाराहून जास्त माणसं कैदी आहेत. अमेरिकेची जनगणना कैद्याला त्याच्या गावी मोजत नाही, तुरुंग जिथे असेल तिथे मोजते. वेल्चजवळ २०१० साली केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. दुसरा तुरुंग गावातच, एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आहे. इस्पितळ बंद पडलं, खाटांच्या जागी कैदी आले. काउंटीला नोकऱ्या मिळाल्या आणि डोकीही वाढली. अशा काउंटीत ‘दरडोई’ असा कुठलाही आकडा दिसला की आधी विचारावं, या डोयांत कैद्यांचीही डोई धरली आहे का? दरडोई उत्पन्नात ती धरलेली असते, गरिबीच्या टक्केवारीत नसते.

आता कोळशाकडे येऊ.

१८८० च्या दशकात रेल्वे या डोंगरांत शिरली. त्याआधी इथे मक्याची छोटी शेतं, डुकरं आणि जंगल एवढंच होतं. रेल्वेच्या पुढे जमिनीचे दलाल आले आणि डोंगरातल्या कुटुंबांकडून जमिनी, कुठे नुसते जमिनीखालच्या कोळशाचे हक्क, मातीमोल भावात विकत घेऊन गेले. इथला कोळसा पोकाहोंटास नावाच्या थरांतला, धूर कमी आणि ताव जास्त. आरमाराच्या बोटींना तो हवा होता, कारण धुराच्या लोटावरून शत्रूला बोट दिसायची. पोलादाच्या भट्ट्यांनाही तो हवा होता, कारण त्याचा कोक, म्हणजे कोळसा भाजून केलेलं भट्टीचं जळण, उत्तम होतो. १९०२ पासून यूएस स्टील कंपनीने इथे गॅरी हे आख्खं गाव वसवलं आणि त्याला कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं नाव दिलं. आसपासच्या वस्त्यांना तर नंबरच होते: गॅरी नंबर एक, दोन, तीन, असे.

कंपनीचं गाव ही चीज समजून घ्यायला हवी. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. पगाराआधी उचल हवी असेल तर कंपनी स्वतःचं टोकन द्यायची. ‘स्क्रिप’ म्हणायचे त्याला. पितळेचं, मधे भोक पाडलेलं गोल नाणं, आणि ते बहुधा कंपनीच्याच दुकानात चालायचं. पगाराच्या दिवशी उचल वजा, घरभाडं वजा, डॉक्टरची वर्गणी वजा. म्हणजे मजुराच्या हातात पडलेला पैसा फिरून कंपनीच्याच गल्ल्यात. संप केला तर पगार तर जाणारच, पण घरही सोडावं लागणार, कारण छपरावरही मालकी कंपनीचीच. या भागात संघटना बांधायला रक्त सांडलं ते उगाच नाही. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, खाणमजुरांची बाजू घेणारा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड आणि त्याचा साथीदार यांना खाणमालकांच्या भाडोत्री डिटेक्टिव्हांनी भर दिवसा गोळ्या घातल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस हजारो मजूर बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चालून गेले.

पण तेव्हाचं मॅकडॉवेल नुसतं पिळवणुकीचं ठिकाण नव्हतं. इटली, हंगेरी, पोलंडहून माणसं आली. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून काळे मजूर आले, कारण खाणीत टनामागे मिळणारा दर कातडीचा रंग पाहून ठरत नसे आणि या राज्यात त्यांना मतदान करता येत असे. शाळा मात्र वेगळ्या होत्या, हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्याला काउंटीत जवळपास पाव लोकसंख्या काळ्यांची होती. किंबल गावात १९२८ साली पहिल्या महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांचं स्मारक उभं राहिलं, त्या सैनिकांसाठी देशात बांधलेलं बहुधा पहिलंच. उंच खांबांची ती इमारत आजही रस्त्याच्या वर उभी आहे.

मग गाडं घसरलं कधी? ‘पर्यावरणवाद्यांनी कोळसा मारला’ असं आज ऐकू येतं, पण तारखा पाहिल्या तर ते जुळत नाही. डोकी मोजली तर सर्वांत मोठी घसरण १९५० ते १९६० या दहा वर्षांतली आहे. तेव्हा कोळशाला रोखतील असे पर्यावरणाचे कायदेच नव्हते. दहा वर्षांत २७ हजारांहून जास्त माणसं घटली, म्हणजे चारांतलं एक. कोळसा जागेवरच होता, पण खाणीत नवं यंत्र उतरलं होतं. ‘कंटिन्युअस मायनर’ म्हणतात त्याला: दातेरी रूळ फिरवत थर कुरतडायचा आणि तोच माल मागे पट्ट्यावर टाकायचा. खोदायचं, सुरुंग लावायचा, फावड्याने भरायचं, ही कामं करणारी आख्खी टोळीच त्याने फालतू ठरवली. १९५० साली खाणमजूर संघटनेचे पुढारी जॉन एल. लुईस यांनी मालकांशी करार करून यंत्रांना वाट मोकळी केली. त्याच्या बदल्यात चांगला पगार, इस्पितळं आणि पेन्शन पदरात पाडून घेतली. थोडी माणसं राहतील पण सुखाने राहतील, असा तो हिशेब होता. राहिलेल्यांपुरता तो खराही ठरला. ज्यांना निघावं लागलं ते क्लीव्हलंड, डेट्रॉइटच्या कारखान्यांच्या वाटेला लागले.

१९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी प्रचारासाठी या भागात हिंडले आणि त्यांनी इथली भूक पाहिली. पुढच्याच वर्षी, २९ मे १९६१ रोजी, फूड स्टँपच्या, म्हणजे किराण्याच्या सरकारी कुपनांच्या, नव्या योजनेतले देशातले पहिले स्टँप वेल्चमध्ये एका घराला मिळाले. घरात माणसं १५, स्टँप ९५ डॉलरचे. त्यांची पहिली खरेदी होती डुकराच्या मांसात शिजवलेल्या बीन्सचा एक डबा. तेव्हा हे स्टँप फुकट नव्हते, थोडे पैसे भरून जास्त किमतीचे घ्यायचे असत. आज अमेरिकेत चार कोटींच्या आसपास लोक ज्या अन्नमदतीवर आहेत तिची सुरुवात या गावातून झाली.

दुसरा मोठा घाव १९८० च्या दशकात बसला. अमेरिकी पोलाद मंदीत गेलं आणि १९८६ पर्यंत यूएस स्टीलने गॅरीतला कारभार गुंडाळला. कंपनीचं गाव असतं तेव्हा पाण्याचे पाइपसुद्धा कंपनीने टाकलेले असतात. कंपनी गेली, पाइप राहिले. त्यांची दुरुस्ती कुणी करायची? शे-दोनशे घरांची वस्ती, निम्मी रिकामी. पाणीपट्टीतून गळती काढायचा खर्चही निघत नाही. म्हणून काउंटीतल्या काही गावांना ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना वर्षानुवर्षं चालू राहिली. आजही लोक रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतात. डोंगरातून, कुठे जुन्या खाणीच्या तोंडातून, एक पाइप बाहेर आलेला असतो आणि त्याची धार अखंड चालू असते. मागच्या सीटवरचे प्लास्टिकचे कॅन एकेक काढून भरायचे, झाकणं घट्ट करायची, पुन्हा गाडीत ठेवायचे. पाण्यासाठी अशी खेप करणाऱ्याला आपल्याकडे कुणी काही समजावायला नको. फरक इतकाच की तिथे हंडा डोक्यावर नसतो, डिकीत असतो.

आता सर्वांत फसवा आकडा: बेरोजगारी. मॅकडॉवेलचा बेरोजगारीचा दर पाहिला तर अनेकदा तो सहा-सात टक्क्यांच्या आसपास दिसतो. वाचणारा म्हणतो, बरं आहे की! पण अमेरिकेत बेरोजगार कुणाला म्हणतात? ज्याला काम नाही आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं, त्याला. शोधणं सोडलेला माणूस बेरोजगार नसतो, तो मोजणीतच नसतो. समजा गावात १०० प्रौढ आहेत. ३० जण कामावर आहेत किंवा काम शोधताहेत, त्यांतले दोघे रिकामे. दर निघाला ६.७ टक्के. उरलेले ७०? कुणी म्हातारे, कुणी कंबर मोडून घरी बसलेले, कुणी फुप्फुसात कोळशाची धूळ भरून ऑक्सिजनच्या नळीवर, कुणी नातवंडं सांभाळणाऱ्या बायका, कुणी थकून नाद सोडलेले. मॅकडॉवेलमधलं चित्र साधारण असंच आहे. प्रौढांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा श्रमबाजारात आहे, देशभरात साठ टक्क्यांच्या वर. म्हणून अशा काउंटीचा बेरोजगारीचा दर बाजूला ठेवावा आणि ‘कामात किती टक्के’ हा आकडा आधी पाहावा.

उत्पन्नाचंही तसंच. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली तर मधल्या घराचं उत्पन्न इथे वर्षाला ३० हजार डॉलरच्या आगेमागे येतं. देशात ते ८० हजारांच्या आसपास आहे. इथे एक सावधगिरी, खास आपल्यासाठी. आपल्यापैकी प्रत्येकजण मनातल्या मनात डॉलरचे रुपये करून ‘पंचवीस लाखांच्या वर, म्हणजे काय वाईट आहे’ असं म्हणतो. मीही करायचो. पण तिथे बस जवळपास नाहीच, त्यामुळे गाडी आणि तिचं इन्शुरन्स हा भाजीपाल्याइतकाच अटळ खर्च. किराणा अर्ध्या तासावर, दाताचा डॉक्टर त्याहून लांब. हिवाळ्यात घर गरम ठेवायचं बिल वेगळं. काउंटीतला जवळपास दर तिसरा माणूस गरिबीरेषेखाली आहे, आणि ती रेषा अमेरिकेतल्या भावांप्रमाणे आखलेली आहे, आपल्या नाही.

हा पैसा येतो कुठून? काउंटीतल्या एकूण उत्पन्नाचा जवळपास अर्धा भाग सरकारकडून येतो. लगेच ‘फुकटे’ हा शब्द तोंडावर येतो, म्हणून आत पाहावं. यात म्हातारपणीची सोशल सिक्युरिटी आहे, जिच्यासाठी माणसाने आयुष्यभर पगारातून कापून दिलेलं असतं. काळ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई आहे. अपंगत्वाचा भत्ता आहे, अन्नमदत आहे. आणि इस्पितळांना सरकार जे परस्पर देतं तेही हिशेबात रुग्णाचंच ‘उत्पन्न’ म्हणून धरतात. बायपास झालेल्या माणसाच्या नावावर कागदोपत्री हजारो डॉलर चढतात, हातात मात्र फक्त टाक्यांच्या खुणा.

जमा बाजू अशी. नावे बाजू पाहायची तर वॉलमार्टचं पाहा. या साखळीचं प्रचंड दुकान किंबलजवळ निघालं, तेव्हा गावांतली उरलीसुरली वाणसामानाची दुकानं त्याच्यापुढे टिकली नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने देशभरातली दीडशेच्या वर दुकानं एका फटक्यात बंद केली, त्यात हेही गेलं. सुमारे १४० नोकऱ्या गेल्या. नोकऱ्यांबरोबर ताजी भाजी, औषधं आणि म्हाताऱ्यांची चार लोकांत उठबस करायची जागाही गेली. गरजूंना अन्न वाटणाऱ्या स्थानिक केंद्राला या दुकानातून उरलेला माल मिळायचा, तोही थांबला.

मोठी गळती मात्र याहून जुनी आहे. काउंटीतली जमीन मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीची आहे: कोळशाच्या, रेल्वेच्या, लाकडाच्या. त्या जमिनीवर ना घरं बांधता येतात, ना सपाट जागा सुटते. दरीत नदीला चिकटूनच राहावं लागतं, आणि मग २००१, २००२, २०२५ असे पूर घरात शिरतात. कोळसा काढताना राज्य कर घेतं, पण त्यातला मोठा वाटा राजधानी चार्ल्सटनला जातो आणि काउंटीच्या हाती चिल्लर येते. म्हणजे इतकी वर्षं कोळसा उतरणीवरून गेला आणि त्याच्या मागोमाग पैसाही. मला विचाराल तर मॅकडॉवेल हा गरीब मुलूख नव्हता आणि नाही. संपत्ती इथूनच निघाली, पण या वहीत ती जमा कधी झालीच नाही.

शरीरावर याचा परिणाम काय झाला ते एका तुलनेत दिसतं. २०१० च्या सुमारास इथल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षं होतं, बाईचं ७३. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या, सरकारी कंत्राटांवर गब्बर झालेल्या फेअरफॅक्स काउंटीत हेच आकडे ८२ आणि ८५. मधलं अंतर साडेतीनशे मैल, गाडीने एका दिवसाचा रस्ता.

वेदनाशामक गोळ्यांची साथ या भागात का फोफावली हेही इथे कळतं. खाणीत पाठ, गुडघे, खांदे झिजतात. दुखणं खरं होतं, गोळी डॉक्टर लिहून देत होता, आणि छोट्या गावांच्या औषध दुकानांत घाऊक कंपन्या वेड्यासारखा माल ओतत होत्या. २०१६ च्या अखेरीस मॅकडॉवेलच्या कमिशनरांनी अशा बड्या वितरक कंपन्यांवर दावा लावला. व्यसनाने मधली पिढीच पोखरली. जवळपास निम्मी मुलं जन्मदात्या आई-बापांजवळ राहत नाहीत, असं तिथल्या शाळा सांगत आल्या आहेत. आजी-आजोबा दुसऱ्यांदा पालक झाले, गुडघे दुखत असताना. शाळांना शिक्षक मिळत नाहीत, कारण बाहेरून आलेल्याला भाड्याने राहण्यालायक घर नाही. शेवटी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढाकार घेऊन वेल्चमध्ये शिक्षकांसाठी चक्क सदनिकांची इमारत बांधली.

मतपेटीतही हे उतरलं. २००८ मध्ये इथे ओबामांना निम्म्याहून जास्त मतं पडली, २०१६ मध्ये ट्रंप यांना सुमारे ७४ टक्के. ही माणसं आठ वर्षांत बदलली असं मला वाटत नाही. जो ‘तुमच्या दाराशी येईन’ म्हणेल त्याला मत द्यायची रीत केनेडींच्या वेळची आहे.

आता डोंगरांवर एक नवी वर्दळ आहे. जुन्या खाणींच्या आणि लाकूडतोडीच्या वाटांवर जाड चाकांच्या उघड्या गाड्या उडवायला बाहेरून लोक येतात. हॅटफील्ड-मॅकॉय नावाने या वाटांचं जाळं आखलं आहे. गॅरीत रिकाम्या घरांच्या खोल्या त्यांना भाड्याने जातात. चिखलाने माखलेले पाहुणे पेट्रोल पंपावर पिझ्झा खाताना दिसतात. चार पैसे मिळतात, पण ते हंगामी.

आणि कोळसा? तो अजून निघतो. वीजघरांना लागणाऱ्या कोळशाची मागणी घसरली तरी पोलादाच्या कोळशाची टिकून आहे. उरलेले थर पातळ आहेत, त्यामुळे यंत्र कोळशाबरोबर वरखालचा खडकही कापतं. खडकाची ती बारीक धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा वाईट, म्हणून चाळिशी-पन्नाशीतले खाणकामगार आज फुप्फुसाच्या गंभीर आजाराने घरी बसताना दिसतात. अमेरिकेच्या कोळशाचं मोठं गिऱ्हाईक सध्या भारत आहे, कारण पोलादाच्या भट्टीला लागणारा चांगला कोकिंग कोळसा आपल्याकडे फारसा नाही. एल्कहॉर्न ओढ्याला चिकटून रेल्वेचे रूळ आहेत, रुळांना चिकटून घरं. भरलेली मालगाडी यायला लागली की कपाटातली भांडी आधी वाजतात, मग इंजिन दिसतं. शंभराच्या वर वाघिणी एकेक करून खिडकीसमोरून नॉरफोकच्या बंदराकडे जातात. किंबलला मात्र गाडी थांबत नाही.